सीलंट की फ्लॅशिंग? पॅनेलच्या सांध्यात काय कुठे लागतं

घराच्या बाहेरच्या भिंतीला पॅनेल लावायचं काम निघालं की सीलंट आणि फ्लॅशिंग ह्या दोन गोष्टींचा हमखास गोंधळ होतो. दोन्ही सांध्यावरच लागतात आणि दोन्ही पाण्यासाठीच असतात, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की एक केलं की दुसऱ्याची गरज नाही, आणि मग फ्लॅशिंग गाळून सगळीकडे सीलंटच मारलं जातं कारण ते स्वस्त पडतं आणि पटकन होतं. दोन-चार पावसाळ्यांनी पॅनेलची खालची कड फुगायला लागते किंवा आतल्या भिंतीवर ओल दिसते आणि तेव्हा पुन्हा त्याच जागी अजून सीलंट भरतात. हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण अशा वेळी ते जास्तीचं सीलंटच नुकसान वाढवत असतं.

फरक असा आहे. सीलंट म्हणजे गनने फटीत भरायचा, सुकल्यावर रबरासारखा होणारा माल, तो पाण्याला बाहेरच अडवतो. फ्लॅशिंग म्हणजे वाकवलेली पत्र्याची पट्टी, ती काही अडवत बसत नाही, पॅनेलच्या मागे जे पाणी पोचलंय त्याला उतार देऊन पुन्हा बाहेर आणून सोडते. आता पॅनेलच्या मागे पाणी जाणारच नाही असं कुणी म्हणत असेल तर ते विसरा. वाऱ्याबरोबरचा पाऊस, बारीक फटीत आपोआप ओढलं जाणारं पाणी, थंड पृष्ठभागावर जमणारा दमटपणा, काही ना काही आत जातंच, म्हणून तर पॅनेलच्या मागे भिंतीवर वॉटरप्रूफ मेंब्रेन, म्हणजे पाणी भिंतीत शिरू न देणारा पातळ पडदा, लावतात. त्यामुळे अडवायचं कुठे आणि बाहेर काढायचं कुठे, एवढं आधी ठरलं पाहिजे.

उभा सांधा, म्हणजे दोन पॅनेल शेजारी शेजारी येतात तो, ही सीलंटची जागा, त्यावर झाकणपट्टी बसणार असेल तर गोष्ट वेगळी. आडवा सांधा, म्हणजे एका पॅनेलवर दुसरं पॅनेल येतं तो, ही फ्लॅशिंगची जागा. तिथे झेड आकाराची पट्टी लागते. तिचा वरचा पाय वरच्या पॅनेलच्या मागे जातो, मधला भाग खालच्या पॅनेलच्या डोक्यावर बाहेरच्या बाजूला उतार ठेवून बसतो आणि पुढची कड खाली वळलेली असते, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता थेंबाथेंबाने सुटतं. वरचा पाय मेंब्रेनच्या आत गेला पाहिजे, मेंब्रेनवरून नाही. कौलं जशी वरचं खालच्यावर अशी बसवतात तसाच हा क्रम, वरून येणारं पाणी प्रत्येक थर ओलांडताना बाहेरच पडलं पाहिजे. पट्टी मेंब्रेनवरून ठोकली तर मेंब्रेनवरून उतरणारं पाणी सरळ पट्टीच्या मागे जातं आणि मग एवढं फ्लॅशिंग लावून उपयोग शून्य.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या पॅनेलची खालची कड पट्टीवर टेकवायची नाही, मध्ये साधारण ६ मिमी फट सोडायची आणि ती फट तशीच मोकळी ठेवायची. ती उघडी फट बघून माणसाचा हात शिवशिवतो, काम अर्धवट राहिलंय असं वाटतं आणि शेवटच्या दिवशी कुणीतरी सीलंटची ओळ मारून मोकळं होतं. पण तीच पाण्याची बाहेर यायची वाट असते, ती बंद केली की आतलं पाणी पट्टीवर साचून राहतं आणि पॅनेलची कापलेली कड ते पाणी पीत बसते. खिडकीच्या वरच्या फ्लॅशिंगचंही तेच, खिडकीच्या दोन्ही बाजूंना सीलंट चालतं पण डोक्यावरच्या पट्टीची पुढची कड बंद करायची नाही.

सीलंटचं कामही वाटतं तेवढं सोपं नसतं. पॅनेल हलतात, उन्हाने आणि ओलाव्याने फुगतात आणि आकसतात. ३ मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी ४० अंश तापमान बदललं तर जवळपास ३ मिमी लांबते, फायबर सिमेंटचं (सिमेंटमध्ये तंतू मिसळून केलेलं) पॅनेल त्यापेक्षा बरंच कमी हलतं पण हलतंच. सांध्याच्या रुंदीच्या २५ टक्के हालचाल सोसणारं सीलंट १० मिमीच्या सांध्यात अडीच मिमी इकडे-तिकडे सहन करतं, तेच २ मिमीच्या फटीत अर्ध्या मिमीवर त्याची मर्यादा संपते, म्हणून पॅनेल एकमेकांना घट्ट भिडवून वरून सीलंट फासणं अगदी चुकीचं. फट किती सोडायची हे पॅनेलच्या कंपनीच्या कागदावर असतं, ते वाचायचंच.

रुंद सांध्यात आधी फोमची गोल दोरी दाबून बसवतात, तिला बॅकर रॉड म्हणतात, ती फटीपेक्षा थोडी जाड घ्यायची म्हणजे घट्ट बसते. ही फक्त सीलंट वाचवायला नसते. सीलंट दोन्ही बाजूंच्या कडांना चिकटलं पाहिजे पण मागच्या पृष्ठभागाला चिकटता कामा नये, तीन बाजूंनी धरलं गेलं की ते ताणू शकत नाही आणि फाटतं. सीलंटच्या थराची खोली साधारण सांध्याच्या रुंदीच्या निम्मी ठेवतात. दोरी बसेल एवढी खोली नसेल तर मागे सीलंट न चिकटणारी टेप लावायची. कडा कोरड्या हव्यात आणि त्यांच्यावर धूळ नको, फायबर सिमेंट कापल्यावर जी पांढरी भुकटी बसते तिच्यावर सीलंट चिकटल्यासारखं वाटतं आणि नंतर सोलून निघतं. (ती भुकटी फुप्फुसांना घातक असते, कापताना चांगला मास्क लावाच.)

सीलंट कुठलं घ्यायचं तर वरून रंग मारायचा असेल तर साधं सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही, पॉलियुरेथेन किंवा हायब्रिड (दोन्हींचे गुण एकत्र आणणारा प्रकार) घ्या. रंग मारायचा नसेल तर उन्हात सिलिकॉन जास्त टिकतं. फ्लॅशिंगचा पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर कोटिंगवालाच घ्या, ओल्या सिमेंटला लागून उघडं ॲल्युमिनियम खराब होतं.

दोन्हीपैकी जास्त लक्ष कुठे द्यायचं असं विचाराल तर माझं मत सरळ फ्लॅशिंगकडे. सीलंट काही वर्षांनी जाणारच, ते बाहेरून दिसतं, कापून काढता येतं आणि पुन्हा भरता येतं. फ्लॅशिंग एकदा पॅनेलखाली गेलं की ते बघायला पॅनेलच उतरवावं लागतं, म्हणून वरचं पॅनेल चढायच्या आधी प्रत्येक पट्टीचा उतार, दोन पट्ट्या एकमेकींवर किती चढल्यात आणि वरचा पाय मेंब्रेनच्या आत गेलाय का हे स्वतः उभं राहून बघा, फोटो काढून ठेवा. आणि सीलंट पुन्हा भरायची वेळ येईल तेव्हा जुनं पूर्ण खरवडून काढा, विशेषतः सिलिकॉन, कारण त्याचा थर कडेवर राहिला तर दुसरं कुठलंही सीलंट त्यावर नीट धरत नाही.