बालग्रह

लहान मुलांना पछाडून आजारी पाडणाऱ्या अतिमानवी शक्तींना प्राचीन भारतीय वैद्यकात ‘बालग्रह’ म्हणत. यातील ‘ग्रह’ आकाशातला नव्हे. ‘धरणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूवरून तो ‘धरणारा’ अशा अर्थाने आला आहे आणि ‘भुताने धरले’ या मराठी बोलण्यात तोच भाव टिकून आहे.

सुश्रुतसंहिता या प्राचीन वैद्यकग्रंथाच्या उत्तरतंत्र या शेवटच्या भागात स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका आणि नैगमेष असे ९ ग्रह सांगितले आहेत; वाग्भटाच्या अष्टांगहृदय या वैद्यकग्रंथात ते १२ होतात. त्यांचा उगम स्कंदाच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, कथेशी जोडलेला असून हे ग्रह मुलांना सोळाव्या वर्षापर्यंत पीडा देतात असे महाभारताच्या वनपर्वात म्हटले आहे. कृष्णकथेतील पूतना सर्वांच्या ओळखीची आहे. बोकडाच्या तोंडाचा नैगमेष जैन परंपरेत हरिणैगमेषी या नावाने येतो.

या ग्रहांची लक्षणे ज्या बारकाईने नोंदवली आहेत, ती पाहता हे वर्णन आजारी बाळाच्या उशाशी बसून केलेले असावे असे वाटते. पूतनेने धरलेल्या मुलाला पातळ जुलाब व उलट्या होतात, तहान लागते, अंगावर काटा येतो आणि अंगाला कावळ्यासारखा वास येतो. स्कंदापस्मारात मूल बेशुद्ध पडते व तोंडाला फेस येतो. नैगमेषाने पछाडलेले मूल फेस ओकते, कमरेत वाकते आणि नजर वर लावते. अतिसार, फेफरे, आचके यांसारख्या विकारांची छाया यांत दिसते. मात्र एकेका ग्रहाला आजच्या एकेका रोगाचे नाव चिकटवणे योग्य नाही. कारणांतही माणसांच्या चुका आणि ग्रहांची इच्छा असे दोन धागे गुंतले आहेत: आई किंवा दाई यांच्याकडून पथ्य मोडले, स्वच्छता राहिली नाही, मूल घाबरले किंवा त्याला दरडावले गेले, तर पूजेची इच्छा धरणारे ग्रह त्याला गाठतात, असे सुश्रुतसंहिता सांगते.

उपचारांत औषधी काढ्यांचे सिंचन, तेलाने अभ्यंग, औषधांनी सिद्ध केलेले तूप, धुरी, अंगावर बांधायच्या वनस्पती, बळी आणि रक्षामंत्र हे सारे एकत्रच येते. स्कंदग्रहासाठी मोहरी, सापाची कात, वेखंड, तूप आणि उंट, शेळी, मेंढी, गाय यांचे केस यांची धुरी सांगितली आहे. शिवाय तीन रात्री चव्हाट्यावर स्नान. यांपैकी वेखंड महाराष्ट्रातील बाळंतिणीच्या खोलीत आजही ओळखीचे आहे, यात नवल नाही.

काश्यपसंहिता या बालरोगांवरील प्राचीन ग्रंथात रेवती आणि षष्ठी एकच मानल्या आहेत. जन्मानंतर सहाव्या दिवशी पुजली जाणारी ही षष्ठी म्हणजेच मराठी घरांतील सटवाई. त्या रात्री ती बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. ती भाग्य लिहिणारी आहे आणि अपाय करणारीही. तिची पूजा करण्यामागे भक्तीइतकीच धास्ती होती, आणि ज्या काळात कितीतरी मुले पहिल्या काही दिवसांतच दगावत, त्या काळातील आईची ही धास्ती निराधार नव्हती.

याच परंपरेत वेगळा सूरही आहे. चरकसंहिता या वैद्यकग्रंथाच्या निदानस्थान या रोगनिदानाच्या भागात उन्मादाची, म्हणजे वेडाची, चर्चा करताना, जो स्वतःच्या वागण्याने बिघडलेला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस पीडा देत नाहीत, असे स्पष्ट म्हटले आहे.