सोलापुरातील दारूधंदा (दारूबंदीपूर्व काळ)

इंग्रजी अंमल आल्यापासून १९५० च्या संपूर्ण दारूबंदीपर्यंत सोलापूर शहरात सरकारी परवान्याने चाललेला शिंदीचा (शिंदीच्या झाडाच्या आंबलेल्या रसाचा) आणि देशी दारूचा व्यापार. विकणारा आणि पिणारा गावचाच असला, तरी या धंद्याचा खरा धनी सरकारच होते. पुढे १९३० मध्ये सोलापुरात जे घडले, त्याचा उलगडा या एका गोष्टीतून होतो.

दुकानाच्या नावातच हे दिसते. मराठीत दारूच्या दुकानाला ‘गुत्ता’ म्हणतात. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, ठेका; कानडीतला ‘गुत्तिगे’ याच कुळातला. मराठवाड्यात आजही रस्त्याची कामे घेणाऱ्या ठेकेदाराला लोक गुत्तेदार म्हणतात आणि त्याचा दारूशी काही संबंध नसतो. म्हणजे दुकान ओळखले गेले ते आत मिळणाऱ्या मालावरून नव्हे, तर लिलावात बोली लावून घेतलेल्या हक्कावरून.

सोलापूरच्या कोरड्या मुलखाचे स्वतःचे पेय म्हणजे शिंदी. कोकणात माडाची माडी आणि ताडाची ताडी, तशी इकडे ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडाची, म्हणजे रानखजुरीची, शिंदी. शहर तीन भाषांचे असल्याने झाडालाही तीन नावे : मराठीत शिंदी, कानडीत ईचल, तेलुगूत ईत. निजामाच्या मुलखात हेच पेय ‘सेंदी’ या नावाने चाले. रस काढण्याचे दिवस प्रामुख्याने थंडीचे. झाडाच्या शेंड्याखालची झावळी उतरवून खोडाचा कोवळा भाग सोलतात, त्याला खाच पाडतात आणि खाली मडके बांधतात. एका वर्षी एका बाजूला छेद दिला, तर पुढच्या वर्षी समोरच्या बाजूला. त्यामुळे वर्षानुवर्षे छेदलेले खोड नागमोडी दिसते आणि त्या वळणांवरून झाड किती हंगाम छेदले गेले ते जाणकाराला सांगता येते. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, तीच नीरा. ऊन चढू लागले की तो आंबतो आणि शिंदी होतो. मडक्याला आतून चुना लावला, तर आंबणे लांबते. भट्टी लागत नाही, इंधन लागत नाही. म्हणूनच हे गरिबाचे पेय, आणि म्हणूनच सरकारला त्यावर नजर ठेवणे अवघड.

ती नजर १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने बसवली. परवान्याशिवाय झाड छेदणे गुन्हा ठरला, छेदायच्या झाडावर कर बसला, विक्रीचा हक्क लिलावात गेला. ज्याच्या बांधावर शिंदी उभी होती, त्यालाही विचारल्याशिवाय तिला हात लावता येईना. देशी दारूचे तर याहून कडक झाले. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून मोहाची दारू नाशिकसारख्या ठिकाणी मोठ्या भट्ट्यांत गाळायची, तिथेच कर घ्यायचा आणि ठरलेल्या तीव्रतेचा माल दुकानांना द्यायचा, अशी पद्धत मुंबई इलाख्यात रुजली. प्रूफच्या (दारूची तीव्रता मोजण्याच्या ठरावीक मापाच्या) खाली २५ अंश आणि ६० अंश, अशा दोन प्रतींचा माल सर्वत्र ओळखीचा होता. घरी गाळलेल्या दारूला त्यानंतर ‘चोरटी’ हे विशेषण कायमचे चिकटले. दख्खनेत दारू गाळण्या-विकण्याचा परंपरागत व्यवसाय कलालांचा. नव्या व्यवस्थेत गाळणे त्यांच्या हातून गेले आणि दुकान बोलीत पैसा ओतू शकणाऱ्याकडे वळले.

गिऱ्हाईक गिरण्यांनी दिले. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये मुरारजी गोकुळदासांची गिरणी उभी राहिली (हीच पुढे ‘जुनी गिरण’), मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पूर्व भागात वसले. त्यांच्या मूळ मुलखात ‘कल्लू’, म्हणजे ताडी-शिंदी, सणात आणि दुखवट्यात चालणारी गोष्ट होती. त्यामुळे सोलापूरच्या कामगाराने दारू गिरणीत येऊन शिकली, हे सुधारकांचे आवडते म्हणणे अर्धेच खरे मानावे लागते. बदलले ते एवढेच, की घरच्या चालीरीतीची वस्तू रोख पैशाची झाली. विलायती दारूचे परवाने वेगळे असत. तिचा खप साहेबलोक आणि पैसेवाले यांच्यापुरता.

शहराला खेटून संस्थानी हद्दी होत्या : एका अंगाला अक्कलकोट, दुसऱ्या अंगाला निजामाचे नळदुर्ग-तुळजापूर. तिथला अबकारी कारभार वेगळा, त्यामुळे हद्दीवरचा पहारा ही खात्याची कायमची डोकेदुखी.

दारूविरोधाला राजकीय धार टिळकांनी १९०८ मध्ये पुण्यात गुत्त्यांसमोर सुरू केलेल्या निरोधनाने (गिऱ्हाइकांना अडवण्याच्या पिकेटिंगने) आली. अबकारी हे इलाख्याच्या उत्पन्नाचे, जमीन महसुलाच्या बरोबरीने मोजले जाणारे साधन होते. तेव्हा गुत्ता बंद पाडणे म्हणजे सरकारच्या तिजोरीला हात घालणे. १९३० मध्ये गांधींनी गुजरातेत खजुरी तोडण्याची हाक दिली, आणि ती सोलापुरात सहज समजली, कारण झाड वेशीवरच उभे होते. गांधींच्या अटकेनंतर ८ मे रोजी जमाव रूपाभवानी परिसरातील शिंदी तोडायला गेला. पोलिसांनी काही जणांना पकडले, जमावाने वाट अडवली, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे ठार झाले. मग पोलीस चौक्या आणि न्यायालय पेटले, दारूची दुकानेही जळाली. काही दिवस शहरात सरकार उरलेच नाही. १२ मे ते ३० जून लष्करी कायदा होता. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. या प्रकरणाची सुरुवात एका करपात्र झाडापासून झाली, हे शहराच्या इतिहासात बहुधा ओझरतेच सांगितले जाते.

धंदा मात्र मोडला नाही. लष्करी कायदा उठल्यावर लिलाव आणि दुकाने पूर्ववत चालू राहिली. १९३७ च्या खेर मंत्रिमंडळाने अहमदाबाद आणि मुंबईत दारूबंदी आणून पाहिली, पण १९३९ मध्ये मंत्रिमंडळच गेले. स्वातंत्र्यानंतर बंदी टप्प्याटप्प्याने आली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने जुन्या अबकारी कायद्याची जागा घेतली आणि संपूर्ण बंदी ६ एप्रिल १९५० पासून लागू झाली. बरोबर वीस वर्षांपूर्वी, ६ एप्रिल १९३० रोजी, सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढवला गेला होता.