सिद्दी वारशाचं सांस्कृतिक केंद्र काढायचंय? आधी ही कागदपत्रं बघा

जंजिरा पाहून आलेला माणूस कलालबांगडी तोफेबद्दल भरभरून बोलतो. तो किल्ला ज्यांनी राखला त्या सिद्द्यांबद्दल विचारलं, तर 'हबशी होते' यापुढे गाडी जात नाही. आफ्रिकेतून आलेल्या या लोकांच्या पाऊलखुणा मुरूडच्या हबसाणापासून (सिद्द्यांच्या जुन्या मुलखापासून) मलिक अंबरच्या खुलताबादेतल्या कबरीपर्यंत, उत्तर कन्नडच्या जंगलातल्या वाड्यांपर्यंत आणि गुजरातेत गीरजवळच्या जांबूरपर्यंत आहेत. हा वारसा जपणारं केंद्र महाराष्ट्रात काढायचं, तर पहिली पायरी धर्मादाय कार्यालयाची.

संस्था कोण काढू शकतं? त्यासाठी जातीचा दाखला लागत नाही. 1860 च्या संस्था (सोसायटी) नोंदणी कायद्याखाली किमान 7 सज्ञान माणसं हवीत. महाराष्ट्रात अशी संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. दुसरा मार्ग न्यासपत्राचा, म्हणजे ट्रस्ट डीडचा. तो सुटसुटीत, पण त्यात सगळं मोजक्या विश्वस्तांच्या हाती राहतं. माझं मत सोसायटीच्या बाजूने आहे, कारण तिथे सभासद असतात, निवडणूक होते आणि वार्षिक सभेत कुणीही उठून प्रश्न विचारू शकतो. वारसा ज्यांचा, त्यांना हा हक्क असलाच पाहिजे. सातांच्या यादीत एकही सिद्दी नसेल, तर अर्ज भरण्याआधी थोडं थांबा.

नावाला मंजुरी मिळाली की विधानपत्र (संस्थेचं नाव आणि उद्देश सांगणारा दस्त), नियमावली, सभासदांच्या सह्यांची यादी, ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, पहिल्या सभेचा ठराव, जागेचं वीजबिल आणि मालकाचं संमतीपत्र एवढं जुळवा. संस्थेच्या नावावर स्थावर असेल तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रकही जोडा. संस्था किंवा न्यास अस्तित्वात आल्यापासून 3 महिन्यांत 1950 च्या कायद्याच्या कलम 18 खालचा अर्ज गेला पाहिजे. उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो. त्यानंतर चौकशी होते आणि ती पूर्ण झाली की प्रमाणपत्र मिळतं.

यात बहुतेकांचं घोडं अडतं ते उद्देशाच्या कलमापाशी. 'समाजसेवा करणे' असं मोघम लिहू नका. असं लिहा: 'पश्चिम भारतातील सिद्दी समाजाची गाणी, वाद्ये, वस्त्रकला, मौखिक इतिहास व कागदपत्रे जमवणे, जतन करणे आणि सर्वांना पाहण्यास व अभ्यासण्यास खुली ठेवणे.' यातला 'सर्वांना' हा शब्द गाळू नका. एखाद्या विशिष्ट धर्मसमूहाच्या किंवा जातीच्याच फायद्यासाठी काढलेल्या धर्मादाय न्यासाची आयकर सवलत धोक्यात येते. अनुसूचित जमाती, मागासवर्ग यांच्यासाठीच्या न्यासांना हा नियम लागत नाही, पण सिद्द्यांचा दर्जा सगळीकडे सारखा नाही. समाज मालक, दार सगळ्यांना उघडं, हीच मांडणी बरी.

पॅन आणि बँक खातं झालं की आयकर खात्याची नोंदणी. 1961 च्या कायद्यातली 12एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) ही कलमं सगळ्यांच्या तोंडी आहेत. नव्या संस्थेला आधी 3 वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. मात्र 1 एप्रिल 2026 ही 2025 च्या नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख, तेव्हा फॉर्म आणि कलमाचा क्रमांक सीएकडून ताडून घ्या. दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणीही करून ठेवा. सरकारी अनुदानाच्या अर्जांत तिचा क्रमांक विचारतात आणि बऱ्याच योजनांना मागच्या 3 वर्षांचे तपासलेले हिशेब लागतात. परदेशातून मदत येणार असेल तर एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका. परदेशी राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या नातेवाइकाने नेहमीच्या बँकेतून पाठवलेले पैसे या कायद्यात येत नाहीत.

जागा किल्ल्याच्या समोर हवी, असं सगळ्यांनाच वाटतं. संरक्षित स्मारकाच्या 100 मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. किनाऱ्यावर सीआरझेड, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामावरचे निर्बंध, असतातच. शेतजमीन संस्थेच्या नावे घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. त्यापेक्षा गावातलं एखादं जुनं घर भाड्याने घेऊन सुरुवात केलेली बरी.

आता वस्तू. समजा, उत्तर कन्नडातल्या येल्लापूरकडच्या एखाद्या सिद्दी आजीने आपली कवंदी दिली. जुन्या साड्या-लुगड्यांचे तुकडे टाक्यांनी जोडत ही गोधडी शिवतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घडीची 'फुलं' लावतात. फुलांवाचून ती उघडी, अपुरी मानतात. नोंदवहीत नुसतं 'गोधडी, 1 नग' लिहिलंत तर ही गोष्ट हरवली. कुणी शिवली, कुठल्या साड्यांची, कुणासाठी हे लिहा. वस्तू भेट की ठेव, परत मागता येईल का, फोटो वापरायचा का, हे त्यांच्या बोलीत वाचून दाखवा आणि मगच सही किंवा अंगठा घ्या. गाण्याच्या ध्वनिमुद्रणालाही हाच नियम लावा. नाणी, शिक्के, हत्यारं अशा वस्तू 100 वर्षांहून जुन्या असल्या, किंवा महत्त्वाची हस्तलिखितं 75 वर्षांहून जुनी असली, तर ती 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतात. घेण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारा.

नोंदणीनंतर दर वर्षी लेखापरीक्षण करायचं. विश्वस्त बदलला, वारला किंवा पत्ता बदलला, तर 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हा अर्ज राहून गेला की नोंदवहीत वारलेल्या माणसाचंच नाव चालू राहतं आणि नव्या सचिवांना आपण सचिव आहोत हे बँकेला पटवत बसावं लागतं.