१०२२ वजा १३

सबमिशनच्या आठवड्यात नाशिकच्या कॉलेज रोडवर झेरॉक्सच्या दुकानापुढे पाच मिनिटं थांबा. "सगळं येत होतं रे, सरांनी झापलं आणि डोकं ब्लँकच झालं," हे वाक्य ऐकू येतंच. घरी सांगितलं तर सबब ठरते. सबब नाही ती.

जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांना माणसाला प्रयोगशाळेत खात्रीने ताण द्यायचा होता. १९९३ मध्ये त्यांनी मांडलेली पद्धत अशी : दगडी चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे पाच मिनिटं बोलायचं, मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत जायचं. चुकलं की "थांबा, १०२२", पुन्हा पहिल्यापासून. एवढ्यानेच कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दुप्पट ते चौपट वाढलं. आपल्याकडे याला व्हायवा म्हणतात. फक्त तिकडे वर "आईबापाचे पैसे वाया घालवता" असं कोणी ऐकवत नाही.

२००४ मध्ये २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला. चारचौघांत पारख होणं आणि आपल्या हातात काहीच नसणं, हे दोन्ही जुळले की कॉर्टिसॉल सर्वांत जास्त चढतं, आणि उतरायलाही सर्वांत जास्त वेळ लागतो. इंटर्नलचे मार्क ज्यांच्या हातात, तेच सर वर्गासमोर टोमणे मारतात तेव्हा दोन्ही आयतेच जुळतात.

पण डोकं ब्लँक का होतं? १९९८ चा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. उंदरांना पाण्याखाली दडवलेला कट्टा शोधायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी चाचणीआधी पायाला विजेचा झटका दिला. दोन मिनिटं आधी दिला, तर कट्टा सापडला. चार तास आधी दिला, तरी सापडला. अर्धा तास आधी दिला, तेव्हा मात्र उंदीर भरकटले, कारण ताणाचं संप्रेरक तेव्हा ऐन भरात होतं. ते औषधाने रोखलं, तर पुन्हा आठवलं! म्हणजे शिकलेलं पुसलं नव्हतं, बाहेर निघत नव्हतं. माणसांवरच्या पुढच्या प्रयोगांतही आठवणं असंच अडखळलेलं दिसलं. आता जर्नल दारातच भिरकावलं गेलं आणि रोल नंबर यायला अर्धा तास लागला, तर काय होईल?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) रॅगिंगविरोधी २००९ च्या नियमांत सर बसत नाहीत. तिथे त्रास देणारा विद्यार्थीच असावा लागतो. सरांविरुद्ध दाद मागायची तर आयोगाच्याच २०२३ च्या नियमांप्रमाणे कॉलेजची तक्रार निवारण समिती आहे, तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल. समितीचे अध्यक्ष प्राध्यापक, चार सदस्यही प्राध्यापक किंवा वरिष्ठ शिक्षक. विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी एक, तोही विशेष निमंत्रित.