बाथरूमचं सिलिकॉन रिसिव्हरमध्ये भरू नका

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाड्या-बोटींसाठी एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: रिसिव्हर, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणारा डबा, उघडा, बाथरूमच्या फटी बुजवायचं सिलिकॉन भरा, झालं वॉटरप्रूफ. पाणी अडतं, पण बोर्ड आतून सडतो. नळी उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ते अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आहे. सिलिकॉन वाळताना ते सुटतं आणि तांब्याला खातं. पुढे पिनांच्या बुडाशी हिरवट थर चढतो, सिग्नल मध्येच तुटतो आणि लोक उगाच अँटेना बदलत बसतात.

बोर्डला सिलिकॉनचं कन्फॉर्मल कोटिंगच (सर्किट बोर्डसाठीचा पातळ संरक्षक लेप) लावा. आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स (सोल्डरिंगनंतर उरलेला चिकट थर) पुसून काढा, नीट वाळू द्या. कनेक्टरच्या पिना आणि बाइंडचं (रिमोटशी जोडी जुळवायचं) बटण टेपने झाका. बटणात कोटिंग शिरलं की ते कामातून गेलं. मग मऊ ब्रशने २ पातळ हात द्या, पहिला वाळल्यावरच दुसरा. बऱ्याच कोटिंगमध्ये यूव्हीखाली चमकणारा रंग असतो. यूव्ही टॉर्च मारा, चिपच्या पायांपाशी काळी जागा दिसली तर तिथे पुन्हा ब्रश फिरवा.

केसमधून वायर बाहेर येते तिथे न्यूट्रल क्युअर सिलिकॉन (वाळताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड न सोडणारं) चालतं. ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर, मात्र काहीच नको, उष्णता कोंडते.