औषध लागू पडलं की फक्त दिवस बदलले?

मागच्या आठवड्यात औषधांचा डबा आवरताना आयव्हरमेक्टिनची (हे मुळात जंतांवरचं औषध, कोविडमध्ये लोकांनी कोविडवर घेतलं) अर्धी स्ट्रिप सापडली, २०२१ मधली. टाकायला गेलो तर काका म्हणाले, राहू दे रे, त्यानेच तर मी उठून बसलो. आता काकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो, आणि चूक एकट्या काकांची पण नाही. मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी तर १८ वर्षांवरच्या सगळ्यांना, आजारी असो नसो, हेच औषध देणार असं जाहीर केलं होतं.

गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात, जून २०२१ मध्ये, इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या 'प्रिन्सिपल' नावाच्या ट्रायलने (म्हणजे औषध खरंच लागू पडतं का हे माणसांवर तपासणारी चाचणी) हेच औषध कोविडवर तपासायला घेतलं. आणि ते हॉस्पिटलात नाही, तर घरी आजारी असलेल्या, फॅमिली डॉक्टरकडे जाणाऱ्या लोकांवर (तिकडे त्या डॉक्टरला जीपी म्हणतात).

हा फरक मोठा आहे. कर व्हाइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९६१ मध्ये एक साधा हिशोब मांडला होता: १००० मोठी माणसं घेतली तर महिन्याभरात त्यातल्या साधारण ७५० जणांना काही ना काही दुखतंखुपतं, २५० डॉक्टरकडे जातात, ९ हॉस्पिटलात भरती होतात आणि मेडिकल कॉलेजच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचतो फक्त १. आणि आपलं बरंचसं संशोधन त्या एकावर होतं!

मग बाकीच्यांवर का करत नाहीत? कारण ते जमवणं महाकटकटीचं काम आहे. एका दवाखान्यात ट्रायलला चालेल असा पेशंट आठवड्याला एखादा येणार, तोही नेमका गर्दीच्या वेळी, आणि डॉक्टरकडे त्याला द्यायला पाच-दहा मिनिटं. त्यात संमती घ्या, फॉर्म भरा, चिठ्ठी टाकून कोणाला कुठलं औषध ते ठरवा, परत चार आठवडे त्याच्या मागे लागा. ह्या क्षेत्रातले लोक 'लसान्याचा नियम' सांगतात, लुई लसान्या ह्या औषधशास्त्रज्ञाच्या नावाने: ट्रायल सुरू झाली की पेशंट गायब होतात आणि संपली की परत यायला लागतात. अर्धा विनोद आहे, पण ट्रायलसाठी पेशंट जमवणाऱ्या कोऑर्डिनेटरला विचारा, तो हसणार नाही.

प्रिन्सिपलवाल्यांनी ह्यावर काढलेला उपाय असा, की डॉक्टरच्या डोक्यावरचं काम काढून मध्यवर्ती टीमकडे द्यायचं. जीपीने फक्त पेशंटला सांगायचं, पुढे पेशंट स्वतः ऑनलाइन नाव नोंदवणार, टीम त्याचं रेकॉर्ड तपासणार, औषध घरी येणार आणि पेशंट २८ दिवस रोज डायरीत कसं वाटतंय ते लिहिणार, नाही लिहिलं तर फोन. तिकडे जवळजवळ प्रत्येक माणूस एका दवाखान्यात नोंदलेला असतो म्हणून हे जमतं. आपल्याकडे केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटावर, आणि ह्या डॉक्टरने गुण नाही आला की चौथ्या दिवशी दुसरा डॉक्टर.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, इथे जरा सावकाश वाचा. प्रिन्सिपलमध्ये औषधं एकामागून एक येत-जात होती. ॲझिथ्रोमायसिन आलं, उपयोग नाही, बाहेर. डॉक्सिसायक्लिन, तेच. दम्याच्या पंपातलं ब्युडेसोनाइड आलं, त्याने लोक साधारण तीन दिवस लवकर बरे झाले. पण तुलनेसाठी ठेवलेला, फक्त 'नेहमीचे उपचार' घेणारा कंट्रोल ग्रुप मात्र एप्रिल २०२० पासून सलग चालू होता आणि सगळ्या औषधांना तोच कामाला येत होता. लोक कमी लागतात, वेळ वाचतो.

पण घोळ बघा. आकडे माझ्या मनचे आहेत, नुसते समजायला. समजा लस यायच्या आधी औषध न घेतलेले १००० लोक होते, ६० भरती झाले. नंतर लस आली, तेव्हा ५०० जणांना औषध दिलं, ५०० जणांना नाही, दोन्हीकडे १०-१० भरती. म्हणजे औषधाचा फरक शून्य. आता जुने-नवे कंट्रोल एकत्र करा: १५०० मध्ये ७०, म्हणजे ४.७ टक्के, आणि औषधवाले ५०० मध्ये १०, म्हणजे २ टक्के. झालं, औषधाने भरती निम्म्याहून कमी केली! केली लसीने, नाव औषधाचं.

म्हणून कोण कोणत्या महिन्यात ट्रायलमध्ये आला हे गणितात घालावं लागतं. गणिती मॉडेल प्रत्येक काळाची स्वतःची 'मूळ जोखीम' (औषधाशिवाय भरती व्हायची शक्यता) अंदाजते, एकाच काळातले औषधवाले आणि बिनऔषधवाले समोरासमोर ठेवते, आणि जुन्या लोकांची माहिती मुख्यतः वय, आधीचे आजार ह्यांचा परिणाम नीट मोजायला वापरते. बायेशियन पद्धतीत (म्हणजे आधीच्या अंदाजात नवी माहिती मिसळत जाणाऱ्या गणितात) तर शेजारशेजारच्या काळांच्या जोखमी एकमेकींना थोड्या बांधून ठेवता येतात, म्हणजे कमी लोक असलेला महिना उगाच उड्या मारत नाही. (इथे माझी बायको उठून गेली.)

आयव्हरमेक्टिनचा निकाल २०२४ मध्ये छापून आला. कच्च्या टक्केवारीत औषधवाले कमी भरती झालेले दिसतात, काळाचा हिशोब धरला की फरक नाहीसा होतो. बरं वाटायला साधारण दोन दिवस कमी लागले, पण 'एवढा फायदा झाला तरच त्याला अर्थ' अशी जी पट्टी आधीच ठरवली होती ती काही गाठली नाही, आणि ट्रायलमध्ये खोटी गोळी नव्हती, आपण काय घेतोय हे पेशंटला माहीत होतं, तेव्हा 'कसं वाटतंय'चं उत्तर थोडं औषधाच्या बाजूने झुकणारच.

हे दहा हजारांवर लोक जमवून केलं म्हणून कळलं. आपल्याकडे जानेवारी २०२० मध्येच आयुष मंत्रालयाने कोविड होऊ नये म्हणून आर्सेनिकम अल्बम ३० हे होमिओपॅथीचं औषध सुचवलं, जे शंभर-शंभर पट असं तीस वेळा पातळ करतात, म्हणजे एकावर साठ शून्यं, त्यात मूळ पदार्थाचा एक कण राहिला तरी नशीब! त्याच्या बाटल्या सोसायटीत वाटल्या. नावं लिहून घेतली होती, पण फक्त कोणी दोनदा नेऊ नये म्हणून.

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर त्याच कच्च्या टक्केवारीचा स्क्रीनशॉट आला, खाली 'सत्य लपवलं'. मी वरचं १५०० मध्ये ७० वालं गणित टाईप करून पाठवलं, अर्धा तास लागला. काकांचा हात जोडलेला इमोजी आला. स्ट्रिप अजून डब्यातच आहे.