ओझोनचं माप, तीन तासांच्या आत

यंदाच्या विज्ञान दिनाला एका शाळेत बोलायला गेलो होतो. माझ्या आधीच्या वक्त्यांनी मुलांना ओझोनच्या छिद्राची गोष्ट सांगितली. ती आपल्याकडे सर्रास सांगितली जाते तशीच होती. अंटार्क्टिकावरचा ओझोन घटतोय हे नासाच्या उपग्रहाला अनेक वर्षं दिसत होतं, पण एवढे कमी आकडे येणं शक्यच नाही असं संगणकाला शिकवून ठेवलेलं असल्यामुळे त्याने ते परस्पर कचऱ्यात टाकले. मग ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जमिनीवरच्या जुन्या यंत्राने छिद्र शोधलं. तात्पर्य, संगणकावर विसंबू नका. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

ही गोष्ट अर्धीच खरी आहे. तिच्यातला जो भाग गळतो, तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

निंबस-७ हा नासाचा तो उपग्रह १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये वर गेला. ओझोन मोजणारं टॉम्स नावाचं उपकरण त्याच्यावर होतं. त्याच्या आज्ञावलीत एक नियम होता: १८० डॉब्सन एककांपेक्षा (हे ओझोनचं माप, पुढे समजावतो) कमी आकडा आला तर त्याला ‘संशयास्पद’ अशी खूण करायची. खूण करायची, पुसायचा नाही. मूळ नोंदी शाबूत होत्या. १९८४ च्या मध्यात शास्त्रज्ञ पवन भरतिया आणि त्यांचे सहकारी १९८३ च्या ऑक्टोबरमधल्या नोंदींवर काम करत होते, तेव्हा खुणा एकाएकी वाढल्याचं आणि त्या सगळ्या अंटार्क्टिकावर गोळा झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं. पडताळणीसाठी त्यांनी दक्षिण ध्रुवावरच्या जमिनीवरील यंत्राचे आकडे पाहिले, तर तिथे ३०० च्या आसपास ओझोन नोंदलेला. पुढे ध्रुवावरचे तेच आकडे चुकीचे निघाले. तोपर्यंत फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांचा, अंटार्क्टिकातल्या हॅली बे तळावरच्या मोजमापांचा निबंध १९८५ च्या मे महिन्यात ‘नेचर’मध्ये छापून आला होता.

संगणकाने काही फेकलं नव्हतं. उशीर झाला होता. ऑक्टोबरमध्ये उपग्रहाने जे पाहिलं, ते माणसाच्या डोळ्यांपुढे यायला नऊएक महिने लागले. आज तेच काम तीन तासांत होतं. उपग्रहाने मोजल्यापासून तीन तासांच्या आत ओझोनचा आकडा हवामानाचं भाकीत करणाऱ्यांच्या हाती पडतो. हे कसं घडतं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी माप समजून घेऊ. तुमच्या डोक्यावरच्या हवेतला सगळा ओझोन खाली आणला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला, शून्य अंश सेल्सिअसला त्याचा थर पसरला, तर तो जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा भरेल. एक मिलिमीटर म्हणजे १०० डॉब्सन एककं. ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात ओझोन मोजायचं यंत्र बनवलं आणि जगभर पाठवलं. त्या पहिल्या मोजक्या ठिकाणांत आपलं कोडईकॅनॉलही होतं. अंटार्क्टिकावर हाच थर २२० एककांच्या खाली गेला की ‘छिद्र’ म्हणायचं. म्हणजे भोक वगैरे काही पडलेलं नसतं, थर झिजलेला असतो.

उपग्रह हा थर सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून कसा मोजतो? कोकम सरबताचा पेला डोळ्यांसमोर आणा. पेल्यामागे दिवा आहे. कोकम लाल प्रकाश जवळजवळ सगळा जाऊ देतं आणि हिरवा अडवतं. दिवा किती वॅटचा आहे हे तुम्हाला ठाऊक नसलं तरी चालेल. पेल्यातून येणाऱ्या लाल आणि हिरव्या प्रकाशाचं गुणोत्तर पाहिलं की सरबत किती दाट आहे ते सांगता येतं. दिवा मंद झाला तर दोन्ही रंग सारखेच मंद होतात, गुणोत्तर तेच राहतं.

ओझोनचे ‘रंग’ अतिनील भागात आहेत. ३०५ नॅनोमीटरच्या किरणांना तो जबरदस्त अडवतो. ३४० नॅनोमीटरपर्यंत गेलं की त्याची शोषणाची ताकद शंभरपटीहून जास्त घटते. डॉब्सन यांच्या यंत्रात अशा तरंगलांबींच्या जोड्या वापरत. टॉम्सकडे सहा तरंगलांबी होत्या. आजची उपकरणं सगळा वर्णपटच बारीक तुकड्यांत नोंदवतात, आणि इथून पुढचा भाग मला फार आवडतो.

३१० ते ३४० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ओझोनची शोषणरेघ सरळ उतरत नाही. तिला सुरीच्या दातेरी पात्यासारखे चढउतार आहेत. त्यांना हगिन्स पट्टे म्हणतात, कारण ते प्रथम हगिन्स दांपत्याला व्याध ताऱ्याच्या प्रकाशात दिसले. हे दाते म्हणजे ओझोनच्या बोटांचे ठसे. हवेत धूळ असो, धुकं असो, खाली काळी जमीन असो की पांढरा ढग, त्यांचा परिणाम वर्णपटावर संथ उताराचा असतो, दातेरी नसतो. म्हणून वर्णपटातून आधी तो संथ उतार एका साध्या बहुपदीने (सपाट वळणाची रेघ देणाऱ्या सूत्राने) वजा करायचा आणि जे दाते उरतील ते प्रयोगशाळेत मोजलेल्या ओझोनच्या दात्यांशी जुळवायचे. दाते जितके खोल, तितका ओझोन जास्त. ओझोनसाठी या कामाला साधारण ३२५ ते ३३५ नॅनोमीटरची खिडकी वापरतात. धूळ-धुक्याने मापन कसं बिघडतं, यावर के. आर. रामनाथन आणि आर. व्ही. करंदीकर या भारतीय शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये डॉब्सन यंत्राच्या संदर्भात निबंध लिहिला होता. तोच प्रश्न आज या वजाबाकीने सोडवला जातो.

पण जुळवणीतून मिळतो तो तिरक्या वाटेवरचा ओझोन. सूर्यकिरण तिरके आत येतात, खालच्या हवेवर, ढगावर किंवा जमिनीवर आपटून पुन्हा वर जातात आणि मग उपग्रहात शिरतात. थर त्यांना दोनदा ओलांडावा लागतो. समजा सूर्य डोक्यावरून ६० अंश कललेला आहे आणि उपग्रह बरोबर माथ्यावर आहे. येतानाची वाट उभ्या वाटेच्या दुप्पट, जातानाची एकपट, एकूण तिप्पट. तिरक्या वाटेवर ७८० एककं मिळाली, तर उभा थर २६० एककांचा. या ‘तिप्पट’ला वायुवस्तुमान गुणक म्हणू.

गणित इतकं सोपं राहिलं असतं तर बरं होतं. पृथ्वी गोल आहे, किरण वाटेत विखुरतात, आणि ओझोन जास्त असेल तर किरण खोलवर पोचतच नाहीत. म्हणजे ओझोन काढायला गुणक लागतो आणि गुणक काढायला ओझोन माहीत असावा लागतो. हा गुंता फेऱ्या मारून सोडवतात: एक अंदाज धरायचा, त्यावरून गुणक, गुणकावरून नवा ओझोन, त्यावरून नवा गुणक. दोन-चार फेऱ्यांत आकडा हलायचा थांबतो. यात ढग आला तर ढगाखालचा ओझोन दिसतच नाही. तो त्या अक्षांशाच्या, त्या महिन्याच्या सरासरीवरून भरून काढतात. आणि ओझोनचे दाते तापमानावरही थोडे बदलतात, म्हणून स्थितांबराचं, म्हणजे बहुतेक ओझोन असलेल्या वरच्या हवेच्या थराचं तापमानही त्याच जुळवणीत शोधावं लागतं.

एवढ्यावरही काही टक्के चूक उरायची, आणि तिचं कारण होतं रामन परिणाम. ज्या शोधासाठी आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, तोच. सूर्याच्या वर्णपटात काळ्या फ्राउनहोफर रेषा असतात. १९६२ मध्ये ग्रेंजर आणि रिंग यांना दिसलं की आकाशातून विखरून आलेल्या प्रकाशात या रेषा थेट सूर्यप्रकाशातल्यापेक्षा उथळ असतात. हवेतले नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू फिरतात आणि विखुरणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी एक-दोन नॅनोमीटर इकडेतिकडे सरकवतात. शेजारचा उजेड काळ्या रेषेत सांडतो, रेषा भरून येते. ओझोनचे दातेही असेच थोडे भरून येतात, मग ओझोन कमी भासतो. रामन विकिरणाचा हिशोब जुळवणीत घेतला की ही चूक जाते. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट रोज प्रत्येक नकाशात वजा होते, हे त्या दिवशी मुलांना सांगताना मला मनापासून आनंद झाला.

आता ते तीन तास. युरोपचा सेंटिनेल-५पी हा उपग्रह १३ ऑक्टोबर २०१७ ला सोडला. त्यावरचं ट्रोपोमी हे डच उपकरण २६०० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतं, दिवसाला सुमारे १४ फेऱ्या मारतं आणि प्रत्येक ठिकाणी स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमारास पोचतं. त्याचा एक ठिपका खाली साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा. नोंदी उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डसारख्या केंद्रांवर उतरतात, तिथून जर्मनीतल्या अवकाश केंद्रात जातात. घाईच्या प्रतीसाठी वर सांगितलेली दाते जुळवण्याची पद्धत वापरतात, कारण ती हलकी आहे. काही दिवसांनी त्याच नोंदींवर एक जड पद्धत चालते. तिच्यात प्रत्येक ठिपक्यासाठी संपूर्ण वर्णपट नव्याने गणून मोजलेल्या वर्णपटाशी ताडून पाहतात. दीर्घकाळाचा कल अभ्यासायचा असेल तर ही दुसरी प्रत घ्यावी. उद्याचा अतिनील निर्देशांक, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता सांगायची असेल तर पहिलीच उपयोगी.

या फायली कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. उघडल्यावर ओझोन डॉब्सनमध्ये दिसत नाही, चौरस मीटरला किती मोल (रेणूंच्या संख्येचं एकक) असा दिसतो. ०.१२ असा आकडा असेल तर त्याला २२४१.१५ ने गुणायचं: २६९ डॉब्सन. महाराष्ट्रावर अशाच पातळीचा ओझोन असतो. शेजारच्या रकान्यात प्रत्येक ठिपक्याची गुणवत्ता ० ते १ मध्ये दिलेली असते. संशयास्पद आकडा इथेही ठेवलेलाच असतो, खुणेसकट.

वेगाचं मोल २००२ च्या सप्टेंबरात कळलं. अंटार्क्टिकाचं छिद्र त्या महिन्याच्या अखेरीस दुभंगून दोन तुकडे झाले, आणि जगाला ते घडत असतानाच दिसलं. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये उत्तर ध्रुवावरची घटही अशीच घडताना दिसली. ध्रुवाभोवती फिरणारा वरच्या थंड हवेचा भोवरा असामान्य बळकट राहिला आणि ओझोन २२० च्या खाली गेला. एप्रिलच्या अखेरीस भोवरा मोडला, ओझोन भरून आला. तेव्हा आपल्या फोनांवर ‘लॉकडाऊनमुळे पृथ्वीने स्वतःला बरं केलं, ओझोनचं छिद्र बुजलं’ असे संदेश फिरत होते. ते साफ चुकीचे होते. ओझोन खाणारं क्लोरिन जुन्या सीएफसींमधून (क्लोरोफ्लुरोकार्बन नावाच्या रसायनांमधून) स्थितांबरात साठलेलं आहे, महिनाभर गाड्या थांबल्याने ते हलत नाही. रोजचे नकाशे पाहणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्याच आठवड्यात कारण जाहीर केलं होतं, पण ते संदेशाइतकं फिरलं नाही.

आणखी एक समज बागेत फिरायला येणारे अनेकजण सांगतात: पहाटे ओझोन खाली येतो, तो छातीत भरून घ्यावा. ओझोनचा सुमारे नव्वद टक्के साठा स्थितांबरात असतो आणि तो पहाटे उतरून येत नाही. जमिनीलगतचा ओझोन वाहनांच्या धुरावर ऊन पडून तयार होतो, म्हणून शहरात तो दुपारी सर्वाधिक आणि पहाटे सर्वांत कमी असतो. तो फुप्फुसाला घातक आहे. पहाटे जरूर फिरा, पण दम्याच्या माणसाला ओझोन घ्यायला पाठवू नका.

दिवसातून एकदाच मापन ही ट्रोपोमीची मर्यादा. कोरियाचं जेम्स हे उपकरण २०२० पासून भूस्थिर कक्षेतून, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत एकाच जागेवर राहून, आशियावर दिवसा दर तासाला ओझोन मोजतं. त्याची नेहमीची हद्द पश्चिमेला ७५ अंश रेखांशाच्या आसपास संपते, त्यामुळे नागपूर आत येतं आणि मुंबई-पुणे काठाबाहेर राहतात. खालपासून वरपर्यंतचा ओझोन बारीक थरागणिक हवा असेल तर अजूनही फुगा सोडतात. त्यासाठीचं भारतीय ओझोनसाँड, म्हणजे फुग्याला लटकवायचं ओझोन मोजणारं यंत्र, हवामान खात्यात शास्त्रज्ञ अॅना मणी यांच्या पुढाकाराने तयार झालं.

कार्यक्रमानंतर सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, रात्री कसं मोजतात?” अतिनील पद्धतीने रात्री मोजताच येत नाही, दिवा सूर्याचाच आहे. त्यासाठी पृथ्वीची स्वतःची उष्णता वापरतात. ओझोन ९.६ मायक्रॉनचे अवरक्त किरण शोषतो, आणि आपल्या इन्सॅट-३डी उपग्रहावरचं साउंडर हे उपकरण त्याच तरंगलांबीवर पाहायचं. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात महिनोन्‌महिने रात्र असते, तेव्हा अतिनील नकाशाच्या मधोमध एक रिकामं वर्तुळ राहतं. ऑगस्ट सरता सरता तिथे ऊन परतू लागतं, वर्तुळ दिवसागणिक आकसतं, आणि वर्षातले पहिले कमी आकडे त्याच्या काठावर दिसतात.